विरळणी केलेल्या सागाला खत द्यावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पाटणकडं डोंगराच्या कडंला आमचा साग आहे, यंदा विरळणी करून वाकडी-बारकी झाडं काढली. अमेरिकेत दक्षिणेकडं पाइनच्या लागवडीला विरळणीनंतर एकरी साधारण ९० किलो नत्र आणि २५ किलोच्या आसपास स्फुरद देतात म्हणे, म्हणजे युरियाची जवळजवळ चार पोती आणि वर डीएपीचं एक! पण तो पाइन, हा साग, त्यात आमची तांबडी जमीन स्फुरद धरून बसते आणि जुलैच्या पावसात युरिया थेट कोयनेत जाणार. पाऊस ओसरल्यावर दिलं तर चालेल का? कुणी दिलंय का असं, बुंध्याचा घेर खरंच वाढतो की नुसती घाणेरीच माजते? खर्च निघणार असेल तरच करायचंय, चुलते म्हणतायत त्यापेक्षा उसाला टाक.