मदत हवी आहे: बेलग्रेडचा कालेमेगदान किल्ला, गुडघेदुखी असलेल्या वडिलांसोबत

मंडळी, बाबांना घेऊन सर्बियातल्या बेलग्रेडला जातेय. ते सैन्यातून निवृत्त. बुरूज-तटबंदी दिसली की तिथून त्यांचा पाय निघत नाही, पण गुडघ्यांना आता चढउतार झेपत नाही.

सावा नदी डॅन्यूबला मिळते तिथल्या उंचवट्यावर हा किल्ला आहे. आधी रोमन छावणी, 1521 मध्ये ऑटोमन तुर्कांच्या ताब्यात, मग ऑस्ट्रियन, पुन्हा तुर्क. 1867 मध्ये किल्ल्याच्या चाव्या सर्बियाच्या राजपुत्र मिहाइलोकडे आल्या आणि दोनच वर्षांत बाहेरच्या मोकळ्या मैदानावर बाग करायला सुरुवात झाली. तोफांच्या माऱ्यासाठी रिकामी ठेवलेली जागा लोकांना फिरायला मिळाली, हे मला फार आवडलं.

क्नेझ मिहाइलोवा रस्त्याकडून बागेत सपाटीने जाता येतं, त्यामुळे वरचा भाग आणि लष्करी संग्रहालय जमेल. खरा प्रश्न खालचा आहे. बाबांना रुझित्सा चर्चमधली, रिकाम्या काडतुसांची आणि तलवारींची झुंबरं बघायचीच आहेत. शिवाय नदीकाठचा नेबोयशा बुरूज, जिथे 1798 मध्ये ग्रीक क्रांतिकारक रिगास फेरेओस मारला गेला.

पायऱ्या टाळून चर्चपर्यंत उताराची वाट आहे का? बुरुजापाशी थेट टॅक्सी जाते का, की एकदा उतरलं की तसंच चढून यावं लागतं? वाटेत बसायला बाकं आहेत का? ज्येष्ठांना घेऊन कुणी गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.