तिरक्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ

वर कुणीतरी विचारलंय की (१,१), (५,२), (३,६) या त्रिकोणाची एकही बाजू अक्षाला समांतर नाही मग पाया-उंची कुठून आणायची, आणि त्यावर हेरॉनचं सूत्र (तिन्ही बाजूंच्या लांबीवरून क्षेत्रफळ काढायचं) सुचवलंय. ते चालतं, पण तिन्ही बाजूंची वर्गमुळं काढत बसावं लागतं, मुलं तिथेच कंटाळतात.

त्यापेक्षा त्रिकोणाभोवती आयत काढा ना. रुंदी ५ वजा १ म्हणजे ४, उंची ६ वजा १ म्हणजे ५, क्षेत्रफळ २०. आता कोपऱ्यात जे तीन काटकोन त्रिकोण उरतात ते २, ४ आणि ५ चौरस एकक, बेरीज ११, ती वजा केली की उरले ९. झालं! मुलांना हे डोळ्यांनी दिसतं, म्हणून मला ही पद्धत फार आवडते.

ताळा करायला पिकचं सूत्र (१८९९) आहेच, शिरोबिंदू पूर्णांकी (दोन्ही निर्देशक पूर्णांक) असले की क्षेत्रफळ म्हणजे आतले पूर्णांकी बिंदू अधिक कडेवरच्या अशाच बिंदूंचे निम्मे वजा १. इथे आत ८, कडेवर ४ (तीन शिरोबिंदू आणि (४,४), हा हमखास मोजायचा राहतो), म्हणजे ८ + २ − १ = ९.