मदत हवी आहे: कॉन्सर्टला सीटसमोर मचाण, काहीच दिसलं नाही. तिकिटाचे पैसे परत मिळतात का?

कृष्णाकाठ | रात्री ८:४०

नमस्कार. घाईत आहे म्हणून थोडक्यात लिहिते.

शनिवारी कॉन्सर्टला गेलो होतो. दोन तिकिटं, प्रत्येकी ९,५०० रुपये. सीट शोधून बसलो तर बरोबर समोर लोखंडी मचाण, त्याला काळं कापड गुंडाळलेलं. अर्ध्याहून जास्त स्टेज आणि डावीकडचा अख्खा स्क्रीन त्याच्यामागे. आवाजाचं तर विचारूच नका, घुमून घुमून एक ओळ धड कळली नाही. जागा बदलून द्या म्हणून एका मुलाला सांगितलं, त्यानं दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं परत पहिल्याकडे. तोवर चार गाणी संपली.

आयोजकांना मेल केली. उत्तर आलं, विकलेलं तिकीट परत घेतलं जात नाही.

ग्राहक मंचात जायचं तर मुंबईला खेटे घालावे लागतात का? आणि उद्या संध्याकाळी सहाच्या आत काय उत्तर देऊ? प्लीज लवकर सांगा.

मुलुंडकर | रात्री ८:५२

कुठलं स्टेडियम? कुठला बँड? स्टँडचं तिकीट की मैदानातलं? तुम्ही राहता कुठे? आणि सहाच्या आत कुणाला, कशाचं उत्तर द्यायचंय?

हेमांगी_ठाणे | रात्री ८:५५

तिकीट काढताना सीटचा नकाशा दाखवतात. तो नीट बघून घ्यायचा ना. आम्ही मागच्या वर्षी दोन दिवस आधी जाऊन गेट, पार्किंग, स्टेशनपर्यंत चालायला लागणारा वेळ सगळं बघून आलो होतो. येताना शेवटची लोकल चुकू नये म्हणून शेवटच्या गाण्याआधीच निघालो.

कृष्णाकाठ | रात्री ९:०४

बँडचं आणि स्टेडियमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, तक्रार करायची आहे म्हणून. मुंबईकडचं क्रिकेटचं स्टेडियम, बँड परदेशी आणि जुना. स्टँडचं तिकीट, बाजूच्या अंगाचं, खालून नववी रांग. मी सांगलीची. नकाशात तिथं कोरी जागा होती, मचाण दाखवलेलं नव्हतं. ते कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी उभं राहिलं असेल तर मी सांगलीत बसून काय बघणार?

ध्वनीवेडा | रात्री ९:११

मी बारा वर्षं साउंडच्या कामात आहे म्हणून लिहितो. मचाणावर स्पीकर टांगलेले होते का? की फक्त दिवे आणि कॅमेरा?

कृष्णाकाठ | रात्री ९:१३

स्पीकर नव्हते. वर एक माणूस मोठा दिवा फिरवत होता, त्याच्या खाली कॅमेरा. पण त्यानं काय फरक पडतो?

ध्वनीवेडा | रात्री ९:२६

पडतो. म्हणजे तुमच्यासमोरचं मचाण दिव्यांचं, स्पीकरचे टॉवर वेगळे. मोठ्या मैदानात स्टेजचे स्पीकर मागच्या लोकांना पुरत नाहीत, म्हणून मध्ये टॉवर उभे करून त्यावर वेगळे स्पीकर लावतात. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तुम्ही स्टेजपासून ११० मीटरवर असाल तर गायकाचा आवाज तुमच्यापर्यंत यायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. टॉवरच्या स्पीकरला वायरीतून तो क्षणात पोहोचतो, म्हणून तिथला आवाज यंत्रानं तेवढाच मागे ठेवावा लागतो. हे गणित बसवताना टॉवरच्या समोरचा पट्टा धरतात. तुम्ही बाजूच्या अंगाला होतात, म्हणजे त्या पट्ट्याबाहेर. तुम्हाला स्टेजचा आवाज वेगळा, टॉवरचा वेगळा आणि समोरच्या काँक्रीट स्टँडवर आपटून आलेला तिसरा. असे दोन आवाज सेकंदाच्या विसाव्या भागाहून जास्त अंतरानं आले तर शब्द शब्दावर चढतो. ढोल नि बेस गिटार ऐकू येते, शब्द जातात. हेच झालं ना?

कृष्णाकाठ | रात्री ९:२९

अगदी हेच. स्क्रीनवर ओठ आधी हलायचे, शब्द मागून यायचे. छातीत धडधड, आणि गाणं कुठलं ते लोक ओरडायला लागल्यावर कळायचं.

ध्वनीवेडा | रात्री ९:३३

मग आवाजासाठी आयोजकांना दोष देऊ नका. उघड्या स्टेडियममध्ये थोडंफार असं होणारच, ती जागा क्रिकेटसाठी बांधलेली असते.

मुलुंडकर | रात्री ९:३८

का नाही द्यायचा दोष? बाजूच्या स्टँडला आवाज फाटणार हे तुम्हाला इथं बसून कळतं, तर त्यांना आधी कळत नव्हतं? ९,५०० घेतलेत. तिथं दोन स्पीकर जास्त लावा, नाहीतर ती तिकिटं विकू नका. ताई, सोशल मीडियावर सगळ्यांची नावं घालून फोटो टाका. तासाभरात फोन येईल.

ध्वनीवेडा | रात्री ९:४२

दोन स्पीकर जास्त लावले की दोन प्रतिध्वनी जास्त होतात. सांगणं सोपं आहे. आम्ही उन्हात दोन दोन दिवस मोजमापं घेत फिरतो, रिकाम्या मैदानात एक आवाज असतो आणि माणसं भरली की दुसरा.

जुना_कॅसेटवाला | रात्री ९:५०

बीटल्सनी १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये कार्यक्रम केला तेव्हा पंचावन्न हजारांहून जास्त लोक होते. आवाज कशातून? बेसबॉलच्या घोषणा देतात त्या स्टेडियमच्या भोंग्यांतून. लोकांच्या किंकाळ्यांत त्यांना स्वतःचंच वाजवणं ऐकू येत नव्हतं. पुढच्या वर्षी २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोत कँडलस्टिक पार्कला वाजवलं आणि मग दौरेच बंद केले. म्हणजे हे दुखणं स्टेडियम कॉन्सर्टच्या जन्मापासूनचं आहे.

मी स्वतः १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीला मायकल जॅक्सनच्या कार्यक्रमाला होतो. लांबून हातभर दिसला असेल. तरी आजही अंगावर काटा येतो.

रानजाई | रात्री ९:५८

मी अशा एका मैदानाच्या मागच्या सोसायटीत राहते. तुम्हाला आत शब्द ऐकू येत नाहीत, आम्हाला घरात खिडक्या थरथरताना ऐकू येतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० नंतर भोंगे बंद हवेत, सरकारनं वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट दिली तरच चालतं. आमच्याकडे आजारी माणसं आहेत, परीक्षा देणारी मुलं आहेत. यावरही कुणीतरी धागा काढावा.

सतारीची_तार | रात्री १०:०३

म्हणून मी म्हणते, पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला या. १९५३ पासून चालू आहे. भारतीय बैठक, रात्री थंडी वाजली तर शाल. षड्ज लागला की मागच्या माणसापर्यंत पोहोचतो.

मुलुंडकर | रात्री १०:०६

त्यांनी ते विचारलेलं नाही.

कृष्णाकाठ | रात्री १०:१०

हो, मी ते विचारलेलं नाही. कृपया कुणीतरी कायद्याचं सांगा. उद्या सहापर्यंतच वेळ आहे.

विधिज्ञा | रात्री १०:२१

आत्ताच धागा वाचला. आधी हे सांगा, उद्या सहाला काय आहे? हे आधीही विचारून झालंय. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यावरच ठरणार आहे.

कृष्णाकाठ | रात्री १०:२७

सॉरी, लिहिलंय असं वाटलं. दुसरी मेल केली तेव्हा त्यांनी पुढच्या कार्यक्रमाच्या तिकिटावर २० टक्के सवलतीचं कूपन पाठवलं. खाली बटण आहे, 'स्वीकारले'. ४८ तासांत दाबायचं, नाहीतर कूपन जातं. ती मुदत उद्या सहाला संपते. निदान कूपन तरी घ्यावं असं वाटायला लागलंय.

विधिज्ञा | रात्री १०:३०

बटण दाबू नका. त्या मेलमधलं बारीक अक्षरातलं सगळं इथं उतरवा.

कृष्णाकाठ | रात्री १०:३६

'कूपन स्वीकारल्यास ही तक्रार कायमस्वरूपी निकाली निघाली असे समजले जाईल व याबाबत पुढे कोणताही दावा करता येणार नाही.'

विधिज्ञा | रात्री १०:५२

हेच वाटलं होतं. ते दाबलंत तर पुढे ग्राहक आयोगासमोर हाच कागद तुमच्याविरुद्ध दाखवतील.

उत्तर असं द्या: कूपन नाकारते. सीट अमुक, तिकिटावर किंवा नकाशावर दृश्य अडलेलं असल्याची सूचना नव्हती, त्यामुळे पूर्ण रक्कम परत करावी. पंधरा दिवसांची मुदत द्या. चिडून काही लिहू नका.

आता मुंबईचं. 'मंच' हे जुनं नाव, आता जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार राहतो किंवा नोकरीधंदा करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. म्हणजे तुमच्यासाठी सांगली. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील लागतोच असं नाही, तक्रार ऑनलाइन भरता येते आणि सुनावणीला व्हिडिओवर हजर राहायची परवानगीही मागता येते. मुदत दोन वर्षं, त्यामुळे उद्या सहाचा धसका घेऊ नका. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या, पुष्कळदा तिथेच मिटतं.

आवाजाबद्दल ध्वनीवेडा यांच्याशी मी अर्धी सहमत आहे. चांगला-वाईट आवाज सिद्ध करणं अवघड, प्रत्येक जण वेगळं सांगेल. मचाणाचं तसं नाही, ते फोटोत दिसतं. तक्रारीत आधी दृश्य, मग जागा बदलून न देणं आणि शेवटी आवाज, या क्रमानं लिहा.

पैसे कसे भरलेत?

कृष्णाकाठ | रात्री १०:५५

यूपीआयनं.

मुलुंडकर | रात्री १०:५८

अरेरे. क्रेडिट कार्ड असतं तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागता आला असता. माझ्या भावाला विमानाच्या तिकिटाचे तसेच मिळाले. यूपीआयमध्ये ते तितकं सोपं नाही.

कृष्णाकाठ | रात्री ११:०२

म्हणजे यूपीआय मी भावाला केलं. तिकिटं त्यानं पुण्यातून काढली, त्याच्या क्रेडिट कार्डावर. ऑनलाइन रांगेत त्याचा नंबर आधी लागला. तिकिटावर नाव त्याचंच आहे.

विधिज्ञा | रात्री ११:०९

ताई, हे आधी सांगायला हवं होतं. बिघडलं काहीच नाही. पैसे देणाऱ्याच्या संमतीनं सेवा घेणाराही कायद्यानं ग्राहकच असतो. तरी तुम्ही भावाला पाठवलेल्या पैशांची नोंद जोडा आणि तक्रारीत त्याचंही नाव घ्या. भावाला उद्या सकाळीच कार्डाच्या बँकेत वाद नोंदवायला सांगा, तिथली मुदत या दोन वर्षांपेक्षा बरीच कमी असते. मुलुंडकरांचा तो मुद्दा बरोबर आहे. सोशल मीडियाचा मात्र नाही, निदान नोटिशीची मुदत संपेपर्यंत नको.

मुलुंडकर | रात्री ११:१२

लोक गप्प बसतात म्हणूनच हे चालतं, असं माझं ठाम मत आहे. पण ठीक. सोबत कोण होतं? त्यांची साक्षही कामाला येईल.

कृष्णाकाठ | रात्री ११:२४

बाबा. ६४ वर्षांचे आहेत. कारखान्यात फिटर होते, मागच्या वर्षी रिटायर झाले. तरुणपणी पुण्याला होस्टेलवर होते तेव्हा खोलीतल्या मुलानं या बँडची कॅसेट ऐकवली, तेव्हापासून वेड. आमच्या घरी देवघराच्या वरच्या फळीवर त्या कॅसेटी आहेत. इंग्रजी बोलताना अडखळतात, पण सगळी गाणी शब्दन् शब्द पाठ. गुडघा दुखतो म्हणून बाजूचा स्टँड घेतला, मैदानात पाच तास उभं राहणं जमलं नसतं. रात्रीच्या बसनं गेलो, दुपारी दोनपासून रांगेत. पाण्याची बाटली गेटवर काढून घेतली.

मी जागेसाठी वरखाली करत होते तेव्हा ते म्हणाले, "राहू दे गं, दिसतंय मला." काही दिसत नव्हतं. मान वाकडी करून मचाणाच्या फटीतून बघत होते. येताना बसमध्ये म्हणाले छान झालं. घरी आल्यापासून कॅसेट लावलेली नाही, एरवी रोज सकाळी लावतात.

मला १९,००० रुपये हवेतच. पण त्याहून मला हे कुणीतरी लिहून द्यायला हवंय की ती जागा विकायची नव्हती.

जुना_कॅसेटवाला | रात्री ११:३१

बाबांना माझा नमस्कार सांगा. मीही त्याच वयाचा. तेव्हा एका कॅसेटवरून दुसरी भरून घ्यायला आम्ही सायकलवर कुठे कुठे जायचो.

ध्वनीवेडा | रात्री ११:३६

मघाशी मी फटकन बोललो. आवाजाबद्दलचं मत तेच आहे, पण दिव्यांचं मचाण उभं राहणार असेल तर त्यामागच्या सीट मोजून विक्रीतून काढायच्या असतात. ते काम आधीच करता येतं आणि करतातही. तुमच्या तक्रारीला स्टेजचा आराखडा समजावून देणारा माणूस हवा असेल तर मला निरोप टाका, मी सही करून लिहून देईन.

विधिज्ञा | रात्री ११:४०

हे फार उपयोगी पडेल. फोटो आहेत ना? व्हॉट्सॲपवर पाठवलेले नकोत, ज्या फोनवर काढले त्यातले मूळ हवेत. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागतं ते, प्रमाणपत्र जोडू, नमुना मी पाठवते.

कृष्णाकाठ | रात्री ११:४३

माझ्याकडे दोनच आहेत, हललेले. बाबा मात्र फोन धरून बसले होते. त्यांना विचारते, जागेच आहेत.

कृष्णाकाठ | रात्री १२:२०

सापडलं. फोटो नाही, व्हिडिओ आहे, एकोणचाळीस मिनिटांचा. हात कुठे हलवलेला नाही. पूर्ण वेळ मधोमध मचाण, कडेला स्टेजची उजवी बाजू. सीटचा नंबरही सुरुवातीला आलाय. कूपन नाकारल्याची मेल आत्ताच पाठवली. भाऊ सकाळी बँकेशी बोलतोय.

एकच विचारायचं राहिलं. तिसऱ्या गाण्यापासून बाबा बारीक आवाजात सोबत म्हणतायत. बँडचं काही कळत नाही, त्यांचे मात्र सगळे शब्द स्पष्ट येतात. तेवढा भाग कापून देऊ का? त्यांना संकोच वाटतोय.

विधिज्ञा | रात्री १२:२६

कापू नका. मूळ फाईल आहे तशी द्या.