मदत हवी आहे: मामांना पेसमेकर आहे, घरच्या ईसीजी मशीनवर कितपत विसंबावं?

नमस्कार. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमचं गाव. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, गेल्या वर्षी पेसमेकर बसवला. वय ७१. त्याआधी दोनदा शेतात भोवळ येऊन पडले होते. दुसऱ्यांदा दवाखान्यात नेलं तेव्हा ठोके मिनिटाला ३४ होते. कम्प्लीट हार्ट ब्लॉक निघाला, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची वीज खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नव्हती, आणि डाव्या खांद्याच्या हाडाखाली मशीन बसलं. दोन वायरींचं आहे. कार्डावर कमीत कमी गती ६० लिहिली आहे.

पुण्याच्या भाऊजींनी दिवाळीला येताना घरी ईसीजी काढायचं छोटं मशीन आणलं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, वर धातूच्या दोन पट्ट्या. दोन्ही हातांची बोटं अर्धा मिनिट टेकवून धरायची, मोबाईलवर रेघ उमटते. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरात कोरोनापासून आहेच. भाऊजींनी प्रेमानंच आणलं, पण त्या दिवसापासून आमची शांत झोप गेली ती गेलीच.

मामांची बोटं शेतात राबून खरखरीत झालेली, त्यामुळे रेघ कधी नीट येते, कधी नुसती थरथरते. आणि नीट आली तरी ॲप दर वेळी एकच सांगतं: ‘अनक्लासिफाइड’, म्हणजे कशात मोडतं ते ठरवता आलं नाही. एकदा तर ‘एट्रियल फिब्रिलेशनची शक्यता’ असंही आलं, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडणं.

परवा रात्री एक वाजता मामा उठून खाटेवर बसले. छातीत धडधड नाही, दुखत नाही, फक्त ‘आत कायतरी चुकल्यागत होतंय’ म्हणाले. बाहेर पाऊस, लाईट गेलेली. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, बॅटरी धरली आणि मी ऑक्सिमीटर लावलं. ऑक्सिजन ९७, नाडी ४१. मला दरदरून घाम फुटला. मशीन ६० च्या खाली जाऊच देणार नाही असं आम्हाला सांगितलं होतं. मग ४१ कसे? वायर सुटली? बॅटरी संपली? ईसीजी काढला, पुन्हा ‘अनक्लासिफाइड’. मामाच आम्हाला धीर देत होते, ‘मला काय बी झालं नाही, गप झोपा की गं.’ तरी शेजाऱ्यांची गाडी काढून तसल्या पावसात बेळगाव गाठलं. तिथं ईसीजी काढला, ‘पेसमेकर चालू आहे, घरी न्या’ म्हणाले. ४१ बद्दल विचारलं तर ‘घरच्या मशीनचं मनावर घेऊ नका’ एवढंच उत्तर. घेऊ नका ठीक आहे, पण मग घरात काय बघायचं? कशाला घाबरायचं आणि कशाला नाही?

आणखी एक. खानापूरच्या बाजाराहून मोटारसायकलवर मागं बसून आले की मामांची नाडी ९५-९६ दाखवते. घरी नुसते बसून असतात तेव्हा ६०-६२. हे काय आहे?

कुणाच्या घरी पेसमेकर असेल तर कृपा करून सविस्तर सांगा. माहितीपत्रक सगळं इंग्रजीत आहे, बारीक अक्षरात.

प्रतिसाद, निपाणीहून

ताई, मला स्वतःला सहा वर्षांपासून पेसमेकर आहे. आधी एक भीती काढून टाका. बोटं टेकवायचं ईसीजी मशीन शरीरात करंट सोडत नाही, हृदयाची वीज फक्त वाचतं. त्यानं पेसमेकर बिघडत नाही. पण त्या मशीनच्याच माहितीपत्रकात इशाऱ्यांचं पान शोधा. अशा बऱ्याच मशीनवर पेसमेकरवाल्यांसाठी शिफारस नाही असं छापलेलं असतं, कारण त्यांचं ॲप पेसमेकरची रेघ ओळखायला बनवलेलंच नसतं. ॲपल वॉचच्या माहितीतसुद्धा पेसमेकर असेल तर ईसीजीचा निकाल ‘इनकन्क्लुझिव्ह’, म्हणजे अनिर्णित, येऊ शकतो असं दिलं आहे.

उलट चरबी मोजणारा वजनकाटा घरात असेल तर मामांना त्यावर अनवाणी उभं करू नका. तो पायांतून बारीक करंट सोडतो. काही स्मार्ट वॉचमध्येही चरबी मोजायची सोय असते, तीही वापरायची नाही. आणि मोबाईल डाव्या खिशात नको. आतल्या चुंबकामुळे अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२१ मध्ये फोन पेसमेकरपासून ६ इंच, म्हणजे १५ सेंटिमीटर लांब ठेवायला सांगितलं होतं. इंडक्शन शेगडीपासून मी दोन फूट लांब उभा राहतो.

प्रतिसाद, बेळगावहून

मी ईसीजी टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, पण रोज हेच बघतो म्हणून लिहितो.

ऑक्सिमीटर हृदयाचे ठोके मोजत नाही. बोटापर्यंत पोचलेल्या रक्ताच्या लाटा मोजतं. पेसमेकर असलेल्या माणसाला मधे मधे स्वतःचे जादा ठोके येऊ शकतात, आम्ही त्यांना एक्टोपिक म्हणतो. असा ठोका वेळेआधी पडतो, हृदय अजून रक्तानं भरलेलं नसतं. हातपंपाचा दांडा घाईनं पुन्हा दाबला तर नळीत पाणी चढलेलंच नसतं; दांडा हलतो, बादलीत धार पडत नाही. तसंच. पेसमेकरला मात्र तो ठोका दिसतो, म्हणून तो आपला पुढचा ठोका पुढं ढकलतो. एक आड एक असे ठोके येत राहिले तर हृदय ८० वेळा हललं तरी बोटाला ४० च लागतात. बीपीच्या मशीनवरची नाडीसुद्धा अशीच फसते.

तुमच्या त्या रात्रीची रेघ मोबाईलवर जपून ठेवली असेल. ती काढा आणि अर्ध्या मिनिटातले उंच ठोके एकेक करून मोजा.

आता ॲपचं. पेसमेकर खालच्या कप्प्याला ठोका देतो तेव्हा ईसीजीत तो रुंद आणि वेडावाकडा दिसतो. त्याआधी सुईसारखी बारीक उभी रेघ असते. हल्लीच्या पेसमेकरमध्ये ती इतकी लहान असते की घरच्या मशीनला बहुतेक दिसतच नाही. त्यामुळे ‘अनक्लासिफाइड’ हा आजार नव्हे. पण दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे: ‘नॉर्मल’ आलं तरी खुश होऊ नका. वरच्या कप्प्यात एट्रियल फिब्रिलेशन चालू असलं तरी खालून पेसमेकर घड्याळासारखे ठोके देत राहतो आणि रेघ सरळ-साधी वाटते. त्याचा खरा हिशोब पेसमेकरच्याच मेमरीत असतो.

म्हणून साध्या ईसीजीवर न थांबता पेसमेकर चेकिंग करून घ्या. छातीवर डबी ठेवून कॉम्प्युटरवर सगळं वाचतात. प्रत्येक कंपनीचा प्रोग्रामर, म्हणजे हे वाचायचं यंत्र, वेगळा असतो, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. आधी फोन करून कार्डावरचं मॉडेल सांगा, मगच निघा. रात्रीची गती वेगळी लावली आहे का तेही विचारा. बऱ्याच जणांना झोपेत ५० ठेवतात आणि घरच्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

मोटारसायकलचं कोडं सोपं आहे. बऱ्याच पेसमेकरमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, माणूस चालायला लागला की गती वाढवायला. खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी हादरली की त्याला मामा चालताहेत असंच वाटतं. थोडं बसले की उतरतं. त्रास होत असेल तर सेन्सर मंद करता येतो.

घाबरायचं केव्हा ते लक्षात ठेवा. भोवळ किंवा डोळ्यांपुढं अंधारी, बेशुद्धी, दम लागणं, छातीत दुखणं, पायावर नव्यानं सूज. थांबता न थांबणारी उचकी, पोटाचा किंवा छातीचा स्नायू ठोक्याबरोबर उडणं. पेसमेकरच्या जागी लाली, पू, किंवा ताप. यातलं काहीही असेल तर आकडा बघत बसू नका, निघा.

धागाकर्ती

तुम्हा दोघांचे उपकार कसे मानू कळत नाही. दादा, तुमचा प्रतिसाद मी मामांना वाचून दाखवला. हातपंपाशी आल्यावर त्यांनी मान हलवली.

रेघ काढून मोजली. अर्ध्या मिनिटात ३९ ठोके. म्हणजे मिनिटाला ७८, आणि ऑक्सिमीटरवर ४१! नीट बघितलं तर एक आड एक वेगळ्या आकाराचे, एक वर जाणारा आणि पुढचा खाली उलटलेला. इतके महिने मी ॲपचा तो एकच शब्द वाचत होते, रेघ कधी बघितलीच नव्हती.

काल फोन करून वेळ घेतली आणि चेकिंग झालं. वायरी जागेवर, बॅटरी अजून बरीच वर्षं आहे. जादा ठोके मात्र बरेच नोंदलेले निघाले. डॉक्टरांनी रक्तातलं पोटॅशियम तपासलं, एको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगितला आणि एक गोळी बदलली. एट्रियल फिब्रिलेशन मेमरीत एकदाही नव्हतं. रात्री दहा ते पहाटे पाच गती ५० वर लावलेली आहे. आम्हाला पहिल्याच दिवशी हे कळलं असतं तर कितीतरी रात्री वाचल्या असत्या.

घरचं मशीन टाकून देऊ नका असं डॉक्टर म्हणाले. पण रोज सकाळ-संध्याकाळ काढायचं बंद. मामांना काही वाटलं तरच काढायचं, ॲपचा निकाल न वाचता रेघ पीडीएफ करून त्यांना पाठवायची. आधी बोटं ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची, हात मांडीवर टेकवून बसायचं, म्हणजे थरथर येत नाही. नाडी मनगटावर पूर्ण एक मिनिट मोजायची. आत्यांना शिकवली. त्या डोळे मिटून ओठांनी मोजतात आणि चुकली-मुकली नाडी लगेच सांगतात, ‘आता एक गाळला.’ मी वहीत तारीख, वेळ, आकडा आणि तेव्हा मामा काय करत होते ते लिहिते. आकडे इंग्रजीत लिहिते, कारण दवाखान्यातल्या सिस्टर कन्नड आहेत, त्यांना माझे मराठी आकडे लागत नाहीत.

आता एकच विचारायचं राहिलं. पेसमेकर कंपनीचं उशाशी ठेवायचं यंत्र असतं, रात्री आपोआप पेसमेकर वाचून दवाखान्याला पाठवतं, असं चेकिंगच्या वेळी कळलं. मामांच्या मॉडेलला ते चालतं म्हणे. पण त्याला मोबाईलचं नेटवर्क लागतं, आणि आमच्याकडं पावसाळ्यात घराच्या मागच्या पडवीतच काय ती एखादी कांडी येते. जांबोटी, कणकुंबी, नंदगड भागात कुणी ते वापरतं का? लाईट आणि नेटवर्क दोन-दोन दिवस नसताना त्याचं काय होतं, मागचं साठवून नंतर पाठवतं का? वापरणाऱ्या कुणी सांगितलं तर मामांची खाट पडवीत हलवायची की नाही ते ठरवता येईल.