नाल्यात 'कल्चर' ओतण्याआधी तळाचे दगड बघा

मुठाकाठ: पुण्यातल्या नाल्यांत, तलावांत जिवाणूंचं कल्चर, म्हणजे मुद्दाम वाढवलेले जिवाणू, ओतलं की पाणी स्वच्छ होईल, असा आग्रह हल्ली वारंवार ऐकू येतो. माझा त्याला विरोध आहे. जिवाणू सुटे-सुटे काम करत नाहीत. प्रत्येक पेशी छोटे रेणू बाहेर सोडते. गर्दी वाढली की रेणू साठतात आणि ठरावीक पातळी ओलांडल्यावर सगळ्यांची काही जनुकं एकदम चालू किंवा बंद होतात. हेच क्वोरम सेन्सिंग. गोड्या पाण्यातला एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू असाच वागतो. ओतलेले जिवाणू वाहून जाणार असतील, तर ही गर्दी जमणार कुठे?

रामनदी: मग हाच नियम नदीतल्या मूळच्या जिवाणूंनाही लावा. वाहत्या पाण्यात रेणूही वाहून जातात. त्यात होमोसेरीन लॅक्टोन, म्हणजे अनेक जिवाणू सोडतात ते संकेताचे रेणू, अल्कधर्मी पाण्यात लवकर तुटतात, आणि आपलं बेसॉल्टवरचं पाणी बहुधा त्याच बाजूचं. हा सगळा प्रयोगशाळेतल्या फ्लास्कचा खेळ वाटतो.

मुठाकाठ: फ्लास्कचा नाही. १९९७ साली टेक्सासमधल्या सॅन मार्कोस नदीतले बुडालेले दगड तपासले होते. ज्यांच्यावर बायोफिल्मचा, म्हणजे चिकटून राहणाऱ्या जिवाणूंचा, थर होता, त्यांच्यावर या रेणूंचे संकेत सापडले; ज्यांच्यावर थर नव्हता, त्यांच्यावर नाहीत. पायाखाली बुळबुळीत लागतो ना, तोच हा थर. त्याच्या आतल्या चिकट पदार्थात पाणी जवळपास थांबलेलं असतं, म्हणून रेणू टिकतात. वर पाणी वाहत असलं तरी. नाल्याचा तळ काँक्रीटने गुळगुळीत केला की खडबडीत दगड, फटी, मुळं जातात आणि थराला जागा उरते ती फार थोडी. मला खरा राग त्याचा आहे.

एसटीपीवाला: तळाचं पटलं, विरोध नाही पटला. बाहेरून जिवाणू घालून फायदा होतो. कोरियात संकेत तोडणारे जिवाणू सांडपाणी गाळणाऱ्या मेम्ब्रेनच्या (बारीक छिद्रांच्या पडद्याच्या) टाकीत सोडून मेम्ब्रेन तुंबणं लांबवलंय. सिंगापूरमध्ये सांडपाण्याच्या टाकीतल्या गाळाच्या कणांचे घट्ट दाणे होत गेले तसे हेच संकेत वाढलेले दिसले.

मुठाकाठ: दोन्ही उदाहरणं टाकीतली आहेत. तिथे पाणी किती तास थांबवायचं ते तुम्ही ठरवता. आंबिल ओढ्यात कोण ठरवणार? पावसाळ्यात एक लोंढा आला की सगळं साफ.

सूक्ष्मजीव_विद्यार्थिनी: एक भर. गर्दी झाली की थर जाडच होतो असं नाही. कॉलऱ्याचा जिवाणू व्हिब्रिओ उलटा वागतो: संख्या कमी असताना थर बांधतो, वाढली की सोडून निघतो. त्यामुळे 'थर जपा' हा सरसकट सल्ला मलाही धोक्याचा वाटतो. थरात कोण राहतंय ते आधी बघा.

रामनदी: आणि त्याहीआधी मैलापाणी थांबवा. न शुद्ध केलेलं सांडपाणी येत राहिलं तर दगड खडबडीत असले काय, नसले काय.

मुठाकाठ: मैलापाणी आधी, हे शंभर टक्के मान्य. व्हिब्रिओचंही मान्य. पण कल्चरच्या ड्रमवर पैसे खर्च होणार असतील, तर ओतण्याआधी आणि नंतर दगडांवरचा थर खरवडून तपासा, आणि आकडे लोकांपुढे ठेवा. हे करायला कोणाची हरकत आहे, ते इथे लिहा.