डेटिंग ॲपवर आपल्याशी जमेल असं माणूस कसं ओळखायचं?

हिंजवडीचा_वाटसरू
मंडळी, वय ३१, पुण्यात आयटीत आहे. आईने विवाहमंडळात नाव घातलंय, तिकडे आधी पत्रिका मग माणूस, म्हणून मी बंबल, हिंज आणि ओकेक्युपिड टाकलंय. मॅच होतात, नाही असं नाही, पण गप्पा 'जेवलीस का' च्या पुढे सरकतच नाहीत. ओकेक्युपिडवर एकीशी ९२ टक्के मॅच दाखवत होतं, भेटलो तर दोघंही नुसती कॉफी ढवळत बसलो. हे टक्के नेमके कशाचे असतात? आणि जमणार की नाही हे तुम्ही लवकर कसं ओळखता?

गणितवेडा
टक्के स्वभावाचे नसतात रे, उत्तरांचे असतात. तुझं उत्तर, समोरच्याचं कुठलं उत्तर तुला चालेल आणि तो मुद्दा तुला किती महत्त्वाचा, एवढंच धरतात. मग तिची उत्तरं तुला किती पटली आणि तुझी तिला किती, त्या दोन टक्क्यांचा गुणाकार करून वर्गमूळ. एका बाजूने १०० आणि दुसऱ्या बाजूने ४९ आले की साधारण ७० दिसणार. गंमत म्हणजे २०१४ मध्ये ओकेक्युपिडनेच सांगितलं की ३० टक्केवाल्या काही जोड्यांना त्यांनी मुद्दाम ९० दाखवलं, तर तेवढ्यावरच लोक जास्त बोलायला लागले! भेटल्यावर विषय निघेल का, हे कुठलं गणित सांगणार.

झणझणीत_मिसळ
मुलींच्या बाजूने सांगते. 'फूडी, ट्रॅव्हलर, डॉग लव्हर' बघून बघून डोळे दुखतात, यावर बोलायचं काय माणसाने? बंबलवर पहिला मेसेज आम्हीच करायचा, तोही २४ तासांत, आता ओपनिंग मूव्ह म्हणून प्रश्न आधीच लावून ठेवता येतो तर मी लावलाय, 'साबुदाण्याच्या खिचडीत काकडी चालते का?' हसू नका, जो नीट भांडतो त्याच्याशी पुढे गप्पा होतात, 'हाय डिअर' वाले तिथेच गळतात. आणि खरे मुद्दे आधीच काढते मी, लग्नानंतर आईवडिलांजवळ राहायचं की वेगळं, मुलं हवीत का, परदेशात जायचा विचार आहे का, रोजचा स्वयंपाक कोण करणार. शेवटच्यावर 'बाई आहे ना' असं उत्तर आलं की मी विचारते, आणि ती सुट्टीवर गेली की?

कट्टा_नाका
ॲपवर जातीचा कॉलम नाही म्हणून खूश होऊ नका, तिसऱ्या मेसेजला 'आडनाव काय? मूळचे कुठले?' येतंच. ज्याला फरक पडत नाही तो विचारत नाही, हीसुद्धा चाळणीच की.

काकू_ऑनलाइन
महिनोन्महिने चॅट नको रे बाबा, आधी व्हिडिओ कॉल आणि मग लवकर दिवसाढवळ्या भेट, वर्दळीच्या ठिकाणी. कॅफे तीच ठरवते, तोही कधी न ऐकलेला, आणि मेनूवर दर नाहीत, तर उठून यायचं, बिलाच्या नावाखाली लुटतात. न भेटताच पैसे मागितले की ब्लॉक, आणि गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

हिंजवडीचा_वाटसरू
धन्यवाद सगळ्यांना. प्रोफाइलमधलं 'ट्रॅव्हलर' काढलं आत्ताच, तसाही मी दर वर्षी फक्त गणपतीला कोकणातच जातो. @झणझणीत_मिसळ खिचडीत काकडी?? बटाट्याने काय घोडं मारलंय?