बासरी: सा लागतो, पण खालचा प काही केल्या लागत नाहीये (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, इथे कुणी बासरीवाले असाल तर जरा वाट दाखवा.

वय ४३, संगीताची पाटी कोरी. चार महिन्यांपूर्वी बासरी घेतली. कधीतरी शिकायचीच होती, मुलीचे क्लास संपले, आता आपले सुरू करू म्हणून घेतली एकदाची. घेताना विचारलं कोणत्या पट्टीची हवी, मला काय कप्पाळ कळतंय, म्हटलं मैफिलीत वाजवतात ती घुमणारी द्या, तर पांढरी तीनची (पेटीची तिसरी पांढरी पट्टी) म्हणजे ई स्केलची लांबलचक बासरी हातात आली, घरी येऊन मोजली तर ३० इंच भरली. दिसायला रुबाबदार आहे, त्यात वाद नाही.

पहिले दहा दिवस नुसती हवा. मग एकदा कामाच्या नादात सहज फुंकली आणि असा स्वच्छ आवाज आला की मीच दचकले. आता डाव्या हाताची तीन बोटं ठेवून सा लागतो, दोन ठेवली की रे, एक ठेवलं की ग, हे बऱ्यापैकी जमतं. उजवा हात ठेवायला घेतला की घोळ सुरू. नी कसाबसा, ध फाटतो, आणि सहाही भोकं बंद करून खालचा प काढायला जावं तर एकतर फुस्स नाहीतर भलताच चिरका आवाज. जोर लावला की आणखीनच वाईट. आणि पाच-सात मिनिटांत गरगरायला लागतं, परवा तर चक्क खुर्ची धरून बसले.

क्लासही लावून बघितला होता, तीन आठवडे. तिथे शिकवणाऱ्यांनी माझा प ऐकला (म्हणजे ऐकला नाहीच, आलाच नव्हता) आणि म्हणाले या वयात फुंकेत दम राहत नाही, तुम्ही पेटी शिका. बाकी सगळी आठ-दहा वर्षांची मुलं, ती आपली मजेत प वाजवतायत. दुसऱ्या दिवसापासून गेले नाही.

तर प्रश्न हा की माझा दम खरंच कमी पडतोय का, त्यासाठी प्राणायाम वगैरे काही करून फरक पडतो का, की बासरीच खराब आहे, की हा नाद सोडून द्यावा?

प्रतिसाद १

आधी चक्कर, कारण तेच महत्त्वाचं. ताई, ते दम कमी असल्याचं लक्षण नाहीये, उलट गरजेपेक्षा जास्त फुंकताय म्हणून होतंय. भराभर मोठे श्वास घेऊन सोडत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली येतो आणि गरगरतं, फुगे फुगवताना होतं तसंच. नवशिक्यांची बरीचशी हवा भोकात न जाता बाहेरच वाया जाते, ओठांमधली फट मोठी असते म्हणून. आरशासमोर बसा, फट तांदळाच्या दाण्याएवढी दिसली पाहिजे. तीन-चार मिनिटं वाजवा, बासरी खाली ठेवा, नेहमीसारखा श्वास घ्या, मग परत. गरगरलं की लगेच थांबायचं, रेटायचं नाही. बासरी हातात नसतानाही चक्कर येत असेल तर मात्र डॉक्टरला दाखवा.

प्राणायाम चांगलाच आहे पण प त्याच्यामुळे अडलाय असं मला वाटत नाही.

प्रतिसाद २

३० इंची बासरी पहिलीच?? अहो भोकांमधलं अंतर बघा जरा. पांढरी एकची मध्यम बासरी घ्या, साधारण दीड फुटाची असते, बोटं आरामात पोचतात. मोठी ठेवून द्या वर्षभर.

प्रतिसाद ३

छोटी घ्या हा सल्ला चुकीचा नाही, पण आधी दुखणं कुठे आहे ते तर बघू. घरात चिकटपट्टी आहे ना? सहाही भोकांवर नीट दाबून लावा, कुठून हवा जाता कामा नये. मग बोटांचा विचारच न करता नुसतं हळू फुंका. हळू म्हणजे काच धुरकट करायला हा करतो ना, त्याच्यापेक्षा किंचित जास्त. खालच्या सप्तकाला संथ हवा लागते, वेग वाढला की स्वर उडी मारून वरच्या सप्तकात जातो, तुमचा चिरका आवाज बहुतेक त्यातलाच.

चिकटपट्टीवर प लागला तर फुंक ठीक आहे, बासरीही ठीक आहे, भानगड बोटांत आहे. नाही लागला तर पुढचं बोलू. मग खालच्या तिघांवरची काढा, वरच्या तिघांवरची राहू द्या, आणि उजव्या हाताने वाजवून बघा. काय होतं ते इथे लिहा.

धागाकर्ती

अहो लागला!!! सगळ्या पट्ट्या लावल्या आणि हळू फुंकलं तर असा खोल आवाज आला की मांडीवर टेकवलेलं टोकसुद्धा थरथरलं, अंगावर काटा. नंतर पाच-सहा वेळा वाजवला, दर वेळी लागला. आणि दमसुद्धा लागला नाही.

दुसरा प्रयोगही केला, वरची तीन पट्टीने बंद आणि खाली माझी बोटं, तर दहातून सहा-सात वेळा लागतोय. म्हणजे उजवा हात तेवढा वाईट नाही? मी तर चार महिने त्या करंगळीशेजारच्या बोटालाच शिव्या घालत होते.

आता नवीन शंका. मोबाईलवरचा ट्यूनर (स्वर ओळखणारं ॲप) लावला होता, सगळी बंद असताना तो बी (B) दाखवतो. बासरी तर ई ची म्हणून दिलीय. फसवलं की काय मला?

प्रतिसाद ३

नाही फसवलं. आपल्याकडे बासरीची पट्टी वरची तीन भोकं बंद करून येणाऱ्या सा वरून सांगतात. तुमचा सा ई, म्हणजे पांढरी तीन, त्याचा प म्हणजे बी, पांढरी सात. बरोबर दाखवतोय. काही लोक सगळी बंद केल्यावर येणाऱ्या स्वरावरून नाव देतात, परदेशी व्हिडिओत हमखास, त्यामुळे तोच बांबू एकाकडे ई आणि दुसऱ्याकडे बी. सुरुवातीला थोडा उतरलेला दिसला तर तेही मनावर घेऊ नका, बांबू गार असतो, श्वासाने गरम झाला की चढतो.

आता चोर. तो डाव्या हातात आहे, बहुधा अनामिका, म्हणजे तिसरं भोक. सा वाजवताना ते नीट बंद असतं, म्हणून त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही. पण उजवा हात ठेवला की बासरी अंगठ्यावर जराशी फिरते आणि तिसऱ्या भोकाला केसाएवढी फट पडते. सा च्या वेळी खालची भोकं उघडीच असतात म्हणून तेवढी गळती खपून जाते. प च्या वेळी हवा थेट टोकापर्यंत जायची असते, वाटेत एवढीशी फट राहिली तरी खेळ खलास. पण आपण शेवटी जे बोट ठेवलं त्यालाच बोल लावतो.

खात्री करायची असेल तर सहा बोटं ठेवा, नेहमीपेक्षा जोरात दाबा, दहा आकडे मोजा आणि लगेच बोटं उलटी करून बघा. भोकांचे वळ उठलेले असतात. पूर्ण गोल आहे तिथे ठीक, कोर दिसते तिथे गळतंय. (वाजवताना असं दाबायचं नाही हां, हे फक्त तपासायला.)

उपाय: एवढ्या मोठ्या बासरीवर बोटांची टोकं वापरू नका. तर्जनी आणि मधलं बोट सपाट ठेवून मधल्या पेराने झाकायचं, अनामिकेचं शेवटचं पेर, त्याचा मऊ भाग. उजवा अंगठा चौथ्या-पाचव्या भोकांच्या खाली टेकवा, करंगळी बासरीवर नुसती विसावलेली. बासरी तोलायची ती ओठाखाली, डाव्या तर्जनीच्या बुडाशी आणि उजव्या अंगठ्यावर. ज्या बोटांनी वाजवायचं त्यांच्यावर वजन आलं की ती आखडतात.

आणि वयाचं म्हणाल तर हरिप्रसाद चौरसिया आकाशवाणीत नोकरी करून, सिनेमात वाजवून नाव झाल्यावर सूरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले आणि तेव्हा त्यांनी हातच बदलला, उजवीकडची बासरी डावीकडे. म्हणजे बोटं पहिल्यापासून बसवली. तुम्हाला तर एकच अनामिका सरकवायचीय.

प्रतिसाद ४

वाचनखूण साठवली आहे. माझंही दोन वर्षं हेच चाललंय आणि मी बासरी बदलली, दोनदा.

धागाकर्ती

उशिरा लिहितेय, मधे तीन आठवडे गेले. वळ बघितले. पाच बोटांवर छान गोल, डाव्या अनामिकेवर द्वितीयेची कोर. मुलीला दाखवलं तर ती म्हणाली एवढंच होतं होय, आणि गेली.

बोटं सपाट ठेवायला लागले तर पहिला आठवडा सगळंच बिघडलं, सा सुद्धा हरवला, रडू यायचं बाकी होतं. मग वरच्या तीन पट्ट्या पुन्हा लावून उजवा हात आधी बसवला आणि रोज एकेक पट्टी काढत गेले, तिसऱ्या भोकावरची सगळ्यात शेवटी. आता सा नी ध प असं हळू उतरत आलं की दहातून सात वेळा प लागतो. थेट प वर उडी मारली तर तीनदाच. गरगरणं बंद झालंय. मोठी बासरी बदलत नाहीये, एवढं झाल्यावर आता जीव जडलाय तिच्यावर.

एक शेवटचं विचारते, शुद्ध म साठी पहिलं भोक अर्धं उघडायचं म्हणतात, ते अर्धं म्हणजे नेमकं किती? माझा म रोज वेगळा येतो.

प्रतिसाद ३

म ला आत्ता हातच लावू नका. नुकतंच बोट घट्ट ठेवायला शिकवलंय त्याला, लगेच अर्धं उचल म्हणून सांगितलं तर तेही बिचकेल. भूप राग घ्या, सा रे ग प ध, त्यात म नाही आणि नी पण नाही, प मात्र सारखा लागतो, म्हणजे तुमचा सरावही होईल. मागे तानपुऱ्याचं ॲप लावा, ट्यूनरकडे बघत वाजवू नका. त्यानंतर यमन, त्यातला तीव्र म सगळी भोकं उघडी ठेवून येतो, अर्ध्याची भानगडच नाही. अर्धं किती ते नंतर कानच सांगतो, मापात नाही सांगता येत.

आणि त्या पट्ट्या एव्हाना काढल्या असतीलच, पण भोकांच्या कडांना गोंद राहिलाय का बघा. असेल तर नखाने खरवडू नका, कड गेली की मग बोट कितीही नीट ठेवलं तरी गळणार. तेलाचं बोट लावून मऊ कापडाने पुसून काढा.